मला बहिरा ठरवले तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि मला कुणाची कीव नको आहे. एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने माझ्या लाकडी पेटीला कान लावून सांगितले होते, "हा कुणाची हांजी हांजी करणार नाही." तेच पुढे माझ्या मुळावर आले.

बावीस वर्षे मी एका रेकॉर्डिस्टच्या टेबलावर गाणी ऐकवली. माझा जोडीदार मध्येच जळाला, मग मी एकटाच राबलो. पुढे रेकॉर्डिस्टचा मेहुणा भागीदार म्हणून आला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला गडी. त्याने नवे सॉफ्टवेअर आणले आणि म्हणू लागला, "भाऊजी, तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून आवाज मेल्यासारखा येतो. आता तुम्ही येणारे फोन घेत जा, खुर्चीवर मी बसतो."

रेकॉर्डिस्टला जुनेच सॉफ्टवेअर येत होते. खुर्ची गेली की त्याचे कामच संपले.

म्हणून त्याने एका गायिकेसमोर निकाल लावला. तिचे एकच गाणे दोन्ही सॉफ्टवेअरमधून काढले. मेहुण्याने नव्यातला आवाज गुपचूप जरासा मोठा ठेवला होता, कारण मोठा आवाज माणसांना गोड लागतो. रेकॉर्डिस्टने दोन्ही आवाज सारखे केले. मग एका प्रतीतल्या लहरी खालच्या वर आणि वरच्या खाली केल्या आणि दोन्ही प्रती एकदम लावल्या. अशाने सारखे असेल ते एकमेकांना खोडते, फरक तेवढा ऐकू येतो. माझ्यातून काहीच आले नाही.

"म्हणजे फरक शून्य?" गायिका हसली.

मेहुणा लालबुंद झाला. "हा स्पीकरच बहिरा झालाय. बारीक फरक याला झेपतच नाही."

रेकॉर्डिस्टला खरे काय ते ठाऊक होते. पण बायकोचा एकुलता एक भाऊ दुखावून घरी कसे जायचे? तो म्हणाला, "असेल बाबा. जुनाच झालाय तो. सॉफ्टवेअर जुनेच राहू दे, स्पीकर नवे घेऊ."

त्याची खुर्ची वाचली, मेहुण्याचे नाक वाचले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

नवे स्पीकर प्रत्येक गाण्याला गोड म्हणतात. म्हणून गाणे बाहेर देण्याआधी रेकॉर्डिस्ट दार लावून माझ्याकडे येतो, वायर जोडतो, माझी धूळ पुसतो आणि पुटपुटतो, "खरं सांग, कसं झालंय?" मी खरे तेच ऐकवतो, मला दुसरे येत नाही. पण त्याला मी माफ केलेले नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा असे दुसऱ्या वस्तू सांगतील. धूळ काय, तोही पुसतो. ज्याच्याकडून खरे ऐकून घेता, त्याची बाजू चारचौघांत घ्या. तेवढे जमणार नसेल तर मला हात लावू नका.