ताईंनी स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावणारा, कडांचा रंग उडालेला. माझं उमेदीचं आयुष्य एका समुपदेशन केंद्राच्या टेबलावर गेलं. मनानं थकलेली मुलं तिथं येत. त्यांच्याशी बोलताना नेमकं काय उपयोगी पडतं, याचा अभ्यास एक संशोधक बाई करत होत्या. मुलाची आणि घरच्यांची परवानगी असेल तरच मी ते बोलणं टिपत असे.

एकदा सोळा वर्षांची एक मुलगी मामाबरोबर आली. तीन महिने ती शाळेत गेली नव्हती. मामा बाहेर बाकावर बसे. आत समुपदेशक ताई जीव तोडून विचारत, ती नुसतं "माहीत नाही" म्हणे. चौथ्या भेटीत ती एकाएकी म्हणाली, "तुम्हालाही घाईच आहे," आणि उठून गेली.

त्या दुपारी बाईंनी आणि ताईंनी ते बोलणं माझ्याकडून पुन्हा ऐकलं. ताईंचा चेहरा पडला.

"अगं बाई! ती तोंड उघडते न उघडते तोच मी पुढचा प्रश्न विचारतेय."

"वाईट नका वाटून घेऊ," बाई म्हणाल्या.

"वाईट तर वाटणारच. पण कळलं, हे बरं झालं. आता ती परत यायला हवी."

मामानं कशीबशी समजूत घालून तिला आणलं. ताई म्हणाल्या, "मागच्या वेळी मी तुला बोलूच दिलं नाही. चुकलं माझं." मग त्या गप्प बसल्या. इतका वेळ, की मला वाटलं माझी बॅटरीच संपली!

शेवटी मुलगी पुटपुटली, "मला जगावंसंच वाटत नाही."

ताई डगमगल्या नाहीत. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे त्यांनी सरळ विचारलं. तिला सांगूनच मामाला आत बोलावलं, डॉक्टरांना फोन केला. मामाचे डोळे भरून आले. "बोललीस ते फार बरं केलंस, बाळा," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर सात महिने ती येत राहिली. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस शाळेत बसू लागली. बाईंनी एकाच मुलीवरून अनुमान काढलं नाही. कितीतरी मुलांची बोलणी ऐकली. आपली चूक कबूल करणाऱ्या माणसापाशी मुलं पुन्हा मोकळी होतात, असं त्यांना त्यात वरचेवर आढळलं.

अभ्यास संपला. दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळे आवाज पुसायचे होते. बाईंनी त्या मुलीलाही फोन करून तसं कळवलं. ती आता कॉलेजात होती.

"पुसा की!" ती हसून म्हणाली. "आता सांगायला मी आहे ना."

मित्रांनो, इतक्या जणांनी माझ्यासमोर मन उघडलं, त्यांचा मी ऋणी आहे. मला धुळीपासून जपलंत तर बरंच. पण कुणी मनातलं सांगू पाहत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा. आणि ओझं मोठं वाटलं, तर एकट्यानं उचलू नका; मोठ्या माणसाला हाक मारा.