जसंच्या तसं

शिबिराच्या दिवशी बोलायला सुरुवात व्हायच्या आधीच फुलवंताचा घसा बसल्यासारखा व्हायचा. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ती सडक अर्जुनीहून पहिली एसटी धरून गोंदियाला यायची आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात तीन नंबरच्या टेबलाशी एका स्टुलावर बसायची. जंगलपट्ट्यातली जी माणसं फक्त गोंडी बोलत, त्यांचं म्हणणं डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरचं त्यांना. गोंडी तिच्या घरचीच भाषा. नऊ वर्षं झाली होती या कामाला.

पण ती आणखी एक काम करायची, ते कुणाला ठाऊक नव्हतं. टेबलाशी बसणारा कारकून दुर्गेश "ओ लंगडे, इधर आ" म्हणाला, की फुलवंता गोंडीत म्हणायची, "या दादा, बसा." "बहरा है कि नाटक कर रहा है?" याचं ती करायची, "कोणत्या कानानं कमी ऐकू येते?" कुणी डॉक्टर त्रासून बोलला तर त्यातलं औषधापुरतं उचलायचं, बाकीचं गिळायचं. माणसं हात जोडून निघून जायची. घरी गेल्यावर फुलवंताला नवऱ्याशी दोन शब्द बोलायचं त्राण नसायचं. "दिवसभर बसूनच तं राहतेस," तो म्हणायचा.

त्या बुधवारी रांग दाराबाहेर गेली होती. दीडच्या सुमारास रेवाराम आपल्या लेकीला घेऊन टेबलापाशी आला. रेवाराम जंगलखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करणारा, साठीला टेकलेला. लेक चंचल पंचवीस वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या मर्जीनं हलत नसत, मान एका बाजूला ओढली जायची आणि तोंडातून एकेक शब्द वेळ घेत बाहेर पडायचा. दोघं पहाटे चारला घरून निघाले होते.

दुर्गेशनं कागदावरून मान वर केली नाही. "ये पागल है क्या? कुछ समझता है इसको?"

फुलवंता रेवारामकडे वळली. "साहेब विचारते, पोरगी थकली का प्रवासानं?"

"थकली थोडी," रेवाराम म्हणाला.

दुर्गेशनं काहीतरी लिहिलं. डॉक्टर नवीन होते, तरुण होते, आणि सकाळपासून सत्तर माणसं तपासून त्यांचेही डोळे लाल झाले होते. "पंचवीस वर्षांत आधी कधी दाखवलं नाही का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"जंगल के लोग हैं, साहब," दुर्गेश हसला. "पेड़ के नीचे मुर्गा काटते बैठे होंगे. इनको दवाखाना क्या मालूम?"

फुलवंता रेवारामला एवढंच म्हणाली, "याच्या आधी कुठं दाखवलं होतं का, दादा?"

रेवाराम उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच चंचलनं त्याची बाही ओढली. मग तिनं फुलवंताकडे पाहिलं. "मावशी," ती गोंडीत म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. तेवढ्यात दुर्गेशनं "अगला!" म्हणून हाक मारली. चंचल थांबली नाही. "त्यानं मले पागल म्हटलं. तू बापाले सांगतलं, थकली का."

फुलवंतानं चटकन दुर्गेशकडे पाहिलं.

"हिंदी समजते मले. टीव्ही पाहून शिकली. सारं ऐकून राहिली मी."

"तुमाले वाईट नोको वाटाले म्हणून..."

"वाटलं ना वाईट. आता बापाले सांग तो काय म्हणाला ते. अन् आमी काय म्हणतो ते त्याले सांग. जसंच्या तसं."

फुलवंताला उठून निघून जावंसं वाटलं. काहीतरी बरं, गोड शोधून सांगावं म्हणून तिनं मनाशी चाचपडून पाहिलं. पण ते शोधायचंही बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. तिनं रेवारामला दोन्ही वाक्यं सांगितली. पागलचं आणि मुर्ग्याचं.

रेवारामनं हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले दवाखान्याचे कागद. सगळ्यात जुना चंचल आठ महिन्यांची असतानाचा. "आमी आमच्या देवाले कोंबडा देतो, हे खरं हाय," तो म्हणाला. "त्याच्यात हसासारखं काय हाय, ते इचार त्याले. अन् हे कागद दाखव."

फुलवंतानं ते दुर्गेशला जसंच्या तसं विचारलं आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवले. मग चंचल बोलू लागली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"थांबा साहेब," फुलवंता म्हणाली. "ती बोलून राहिली."

नऊ वर्षांत तिनं डॉक्टरला पहिल्यांदा थांबवलं होतं. चंचलचं बोलून होईस्तोवर मागच्या रांगेतलेही पुढे सरकून ऐकू लागले. फुलवंतानं ते मराठीत सांगितलं आणि दुर्गेशसाठी हिंदीतही. "ती म्हणते, माझ्याबद्दल विचारायचं ते मला विचारा. बाप सांगेल ते बापाचं राहील. यांनी मला पागल म्हटलं ते मला समजलं. कागदावर तसं लिहू नका."

"तू ज़्यादा बोल रही है," दुर्गेश म्हणाला. "तेरा काम सिर्फ बताना है."

"वही तो किया."

डॉक्टरांनी त्याच्या हातून फॉर्म घेतला, वाचला आणि एक ओळ खोडली. जुने कागद एकेक करून पाहिले. मग खुर्ची चंचलकडे वळवली. "नाव काय तुमचं?" विचारलं चंचलला आणि सवयीनं पाहिलं फुलवंताकडे. फुलवंता गप्प राहिली. चंचलनं नाव सांगितलं. त्यांना कळलं नाही. "पुन्हा सांगाल का?" ते म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं.

चार मिनिटांचं काम वीस मिनिटं चाललं. तरी प्रमाणपत्र मिळालं नाहीच. दुसऱ्या तज्ज्ञाची तपासणी लागणार होती आणि तो पुढच्या महिन्यात यायचा होता. "पुन्हा या म्हणते," फुलवंतानं सांगितलं. हेही तिनं जराही मऊ केलं नाही. रेवारामनं लेकीला उचलून पाठीवर घेतलं.

"ए अंधे, आगे आ," दुर्गेश रांगेतल्या पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाला आणि लगेच फुलवंताकडे पाहू लागला. तिनं ते म्हाताऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "त्याले सांग, माझ्या बापानं माझं नाव भैयाजी ठेवलं." तेही तिनं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून दुर्गेश यादीतलं नाव वाचून हाक मारू लागला. त्याला काही उमज पडली होती असं नाही. उलटी उत्तरं ऐकून तो कंटाळला होता. शिबिर पाचाऐवजी साडेसहाला उठलं. मागच्या माणसांनी त्या उशिराबद्दल फुलवंतालाच बोल लावले. घरापर्यंतचा एसटीचा प्रवास तिला उभ्यानंच काढावा लागला.

पुढच्या महिन्यात आपल्याला कुणी बोलावणार नाही, असं ती धरून चालली होती. शेतात भाताचा रोवणा लागला होता, ती बायांबरोबर गुडघाभर चिखलात वाकली होती. मंगळवारी दुपारी बांधावरचा फोन वाजला.

"कल आना है," दुर्गेश म्हणाला. "दूसरा कोई मिला नहीं."

फुलवंतानं दुखरी कंबर हातानं धरली. "चंचल रेवाराम मडावी, नाव हाय का यादीत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "है. तीसरा नंबर."

"येते," ती म्हणाली आणि फोन बांधावर ठेवून पुन्हा चिखलात उतरली. अर्ध्या बांधीत रोपं अजून लावायची होती.