कांबळ्याचा फळा आणि आजीचा शब्द

टक्.

दारामागच्या स्टॅबिलायझरने एवढाच आवाज केला आणि दोन तासांची शांतता मोडली. वीज आली. फ्रिज घुरघुरला, पंखा आधी नुसता हलला, मग फिरला, आणि बघता बघता माझ्या अंगावरचा नोहा उडून दिवाणाखाली गेला.

"काकू, नोहा बुडाला!" स्वानंदी ओरडली आणि सगळी मुलं खिदळली.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण खडूने लिहितात तो काळा फळा नव्हे. माझं अंग लोकरीचं आहे. माझ्यावर कागदाची माणसं चिकटतात. त्यांच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा डकवलेला असतो, तो माझ्या लोकरीला धरून राहतो. माझ्यावर पूर येतो, जहाज निघतं, मासा माणसाला गिळतो, आणि तरी मी जागचा हलत नाही. हलत नव्हतो, असं म्हणायला हवं.

माझा जन्म १९९४ सालचा, गाझियाबादच्या वैशालीत, तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये. तेव्हा समोर गव्हाचं शेत होतं आणि कधीमधी नीलगाय गॅलरीतून दिसायची. घरात वॉशिंग मशीन नवं आलं होतं. त्याच्या खोक्याचं प्लायवूड म्हणजे माझी पाठ. आणि माझं अंग म्हणजे पानिपतचं निळं कांबळं. जयंत ऑफिसच्या कामाने तिकडे गेला होता, येताना ते घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "मराठी माणूस पानिपतला गेला आणि काहीतरी घेऊन परत आला. सांगा आईला नगरला, इतिहास बदलला म्हणावं!"

पण कांबळं इतकं टोचायचं की कुणी पांघरेना. शेवटी जयंतच्या बायकोने, विजयाने, ते कापलं, प्लायवूडवर ताणलं आणि मागून खिळे मारले. असा मी झालो.

विजया घरी शब्बाथशाळा, म्हणजे मुलांसाठी बायबलच्या गोष्टींची शाळा घ्यायची. दिल्लीच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत नाहीतर इंग्रजीत. आपल्या मुलांनी देवाचं नाव मराठीत ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. रविवारी दुपारी पाच-सहा मुलं यायची. त्यांतली स्वानंदी खालच्या मजल्यावरच्या जोश्यांची. तिच्या आईने सरळ सांगितलं होतं, "विजयाताई, तुमचा देव असो की आमचा, पोरीच्या तोंडात चार मराठी शब्द पडू देत. परवा 'उंबरठा' म्हणजे काय विचारत होती." आणि सगळ्यांत पुढे, माझ्या पायाशी मांडी घालून, विजयाची क्षिप्रा बसायची.

विजयाला चित्रं काढायला वेळ सापडायचा तो कुकरच्या शिट्ट्यांच्या मधला, नाहीतर क्षिप्रा झोपल्यावरचा अर्धा तास. त्यामुळे दाढीवाला माणूस तिने एकच काढला. तोच नोहा, तोच अब्राहाम, तोच मोशे. मुलांना काही दिवसांनी ते कळलं.

"काकू, हा तर मागच्या संडेचा नोहा आहे!" स्वानंदी म्हणाली. "बिचारा यार. याला देव किती कामं सांगतो!"

"सांगतो, आणि तो ऐकतो," विजया हसून म्हणायची. "देवाने सांगितलं..."

"...त्याने ऐकलं!" मुलं एका सुरात ओरडायची.

हेच आमच्या शाळेचं घोषवाक्य होतं. पुरासाठी तारू बांध म्हटलं, बांधलं. घरदार सोड म्हटलं, सोडलं. विजयाच्या आवाजात तेव्हा शंका नसायची. माझी लोकरही तेव्हा दाट होती. कुठलाही माणूस लावा, घट्ट बसायचा. पाहुणे यायचे तेव्हा माझं कौतुक व्हायचं, "वा, हे भारी आहे!" मी आतल्या आत फुगायचो.

मग १९९९ साल उजाडलं, आणि घरातलं काहीतरी जागचं सुटलं.

ते काय, ते सांगतो. क्षिप्रा सातव्या महिन्यात जन्मली होती. इस्पितळातल्या काचेच्या पेटीत अठरा दिवस होती. त्या दिवसांत जयंतच्या आईने, प्रभाआजीने, नगरला गुडघे टेकून देवाला शब्द दिला होता, की ही पोर जगू दे, सात वर्षांची झाली की ती तुझी. म्हणजे मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये तिला ठेवायचं, तिथेच शिकवायचं, आणि पुढे तिने देवाच्या कामात आयुष्य घालायचं. आजीने हे फोनवर सांगितलं तेव्हा विजया नुकतीच पेटीच्या काचेला हात लावून आली होती. बाळ जगावं, एवढंच तिला हवं होतं. ती म्हणाली, "हो आई."

त्या 'हो'ला आता सात वर्षं होत आली होती. जूनमध्ये बोर्डिंग उघडणार होतं.

विजया अस्वस्थ झाली. बसली की उठायची, उठली की कशासाठी उठलो ते विसरायची. गॅलरीत जायची, वाळलेले कपडे काढायची, घडी घालायची, पुन्हा मोडायची. जयंतने जुनी सरकारी नोकरी सोडून नवी धरली होती, महिन्यातले वीस दिवस तो बाहेरगावी असायचा. घरी आला की ती त्याला गाठायची.

"जयंत, तू बोल ना आईंशी."

"काय बोलू? तुझा शब्द मागे घे म्हणू? आणि 'हो' तू म्हणाली होतीस, विजू."

"मी काहीही म्हणाले असते तेव्हा."

"मला माहीत आहे. पण आईचा विश्वास आहे की पोर त्या शब्दाने जगली. मी तिला काय सांगू, डॉक्टरने जगवली?"

खरं तर विजयाचाही थोडासा तोच विश्वास होता. तिला खरी भीती तिथेच होती, की आपण पोरीला ठेवून घेतलं आणि आपण ऐकलं नाही असं देवाने धरलं तर?

रविवारी ती माझ्यासमोर उभी राहायची आणि तिचा हात अब्राहामाच्या गोष्टीकडे जाईना. देवाने मागितला म्हणून मुलाचा बळी द्यायला डोंगर चढणाऱ्या बापाची ती गोष्ट. ती चित्रांचा डबा चाळायची आणि योना काढायची. देवाने निनवेला जा म्हटलं, आणि हा उलट्या दिशेच्या जहाजात चढला. सलग तीन रविवार योनाच.

"काकू, फिरसे मासा?" स्वानंदी वैतागली.

"का, आवडत नाही?"

"आवडतो. पण आता माशालासुद्धा कंटाळा आला असेल."

त्या दिवसांत माझीही लोकर विरायला लागली होती. पंखा नसतानाही माणसं घसरायची. विजया ती पुन्हा पुन्हा दाबून बसवायची, जोर करून, जणू चूक त्यांचीच होती.

मे महिन्यात प्रभाआजी आली. निवृत्त नर्स, ताठ बांधा, पांढरी साडी. जिना चढून आली तरी तिला धाप नव्हती. "सलाम, बाळांनो," म्हणाली आणि पिशवी उघडली. बुधवारच्या गाडीची दोन तिकिटं काढलेली होती, एक तिचं, एक क्षिप्राचं. पिशवीतून नगरचे पेढे निघाले आणि त्याखालून बोर्डिंगचा निळा फ्रॉक. आजीने स्वतः शिवलेला.

"घाल बरं, बघू कशी दिसते माझी बोर्डिंगवाली."

क्षिप्राने घातला. बगलेत दाटला, मागचं बटण लागेना, आणि घेर गुडघ्याच्या चांगला वर राहिला.

"असं कसं?" आजी चमकली. "नाताळात आले होते तेव्हाची मापं आहेत ही. वर दोन बोटं सोडली होती मी."

"उंच झाली ती," विजया हळू म्हणाली. "एप्रिलमध्ये एकदम. तिचे सगळे कपडे बदलावे लागले."

"पाच महिन्यांत?" आजी पुन्हा पुन्हा टेप लावून बघत राहिली. शनिवारची संध्याकाळ तिने शिवण उसवण्यात घालवली.

रविवारी मुलं जमली. आजीने पदर खोचला. "आज गोष्ट मी सांगते. विजया, तुझी हन्ना कुठे आहे?"

विजयाने हन्ना काढलेलीच नव्हती. पाच वर्षांत एकदाही नाही. आजीने मग येशूच्या आईला, मरियेला घेतलं आणि हन्ना म्हणून माझ्यावर लावलं. देवळातला म्हातारा एली म्हणून अर्थातच आमचा दाढीवाला आला. स्वानंदीने कपाळावर हात मारला, पण गप्प राहिली.

आजी फार छान सांगायची, मित्रांनो. हन्नेला मूल नव्हतं. ती देवळात जाऊन रडली, म्हणाली, मुलगा दिलास तर तुलाच परत देईन. शमुवेल झाला. तिने त्याचं दूध सुटेपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याला देवळात नेऊन सोडलं. आजीने शमुवेल म्हणून लावलेलं लहान मुलाचं चित्र हन्नेजवळून उचललं आणि माझ्या दुसऱ्या टोकाला लावलं. मधे माझी सगळी निळी लोकर रिकामी.

"हन्ना रडली नाही?" एका मुलाने विचारलं.

"तिने गाणं गायलं, देवाच्या स्तुतीचं. आणि दरवर्षी ती शमुवेलासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. दिला शब्द पाळायचा असतो, बाळांनो."

विजया सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

क्षिप्रा मला अगदी चिकटून बसली होती. तिने त्या रिकाम्या लोकरीवर बोट फिरवलं, हन्नेपासून शमुवेलापर्यंत.

"आजी," ती म्हणाली, "हन्ना वर्षातून एकदाच जायची ना? मग झगा शिवायला तिला माप कसं कळायचं?"

आजीने तोंड उघडलं. नगरच्या चर्चमध्ये तिने चाळीस वर्षं ही गोष्ट सांगितली होती. तिने विजयाकडे पाहिलं, मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या उसवलेल्या फ्रॉककडे.

"अंदाजाने," शेवटी ती म्हणाली. "अंदाजानेच शिवत असेल बिचारी."

"मग तो त्याला दाटत असेल," क्षिप्रा म्हणाली.

आजीने बाकीची गोष्ट सांगितली नाही. मुलं सरबत पिऊन गेली. मग ती दिवाणावर बसली आणि विजयाला म्हणाली, "ट्रे ठेव आधी. इकडे ये."

विजया आली. उभीच राहिली.

"तू इतके महिने हे पोटात घेऊन फिरते आहेस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"मी 'हो' म्हणाले होते, आई."

"त्या दिवशी तुला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी 'हो' म्हणाली असतीस. मी नर्स होते गं, मला कळायला हवं होतं." आजीने उसवलेला फ्रॉक जवळ ओढला. "हन्नेने आपल्या पोटचं दिलं. मी सुनेच्या पोटचं देऊन बसले. कुठल्या शास्त्रात आहे असं?"

"पण देवाला शब्द दिलाय आपण."

"मी दिलाय. मीच पाळते." तिने डोळे पुसले. "बोर्डिंगमध्ये आजारी मुलींच्या खोलीत बाई हवी आहे. वर्षभर मागे लागलेत माझ्या. मी गुडघ्यांचं कारण सांगते. जिने चढते आहे की तुझे तीन! राहीन तिथे जाऊन. आईविना तापात पडलेल्या पोरी असतात, त्यांचं करीन. देवाने विचारलं तर मी उत्तर देईन, तू देऊ नकोस."

विजया खाली बसली आणि तिने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. सासू-सुनेला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बुधवारच्या गाडीने आजी एकटीच गेली.

मित्रांनो, आज मी माळ्यावर आहे. समोरच्या शेतात आता काचेच्या इमारती झाल्या आहेत. मुलांना पडद्यावर हलणारी चित्रं मिळतात, मला कुणी विचारत नाही. माझ्या कडेला कसर लागली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, झटकून ठेवा. आणि माझ्या अंगावर जे घडलं त्यातून एवढं घ्या, की देवाची आज्ञा पाळायची तर आधी कान देऊन ऐकावं, ती आज्ञा कुणासाठी आहे तेही ऐकावं. आपल्या वाटणीचं दुसऱ्याच्या लेकराच्या खांद्यावर ठेवू नये.

हे मला पटलं आहे. विजयालाही पटलं असावं. तरी तिची ती अस्वस्थता पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. आजीला गाडीत बसवून मायलेकी घरी आल्या, त्या दुपारचं सांगतो. विजया माझ्यावरची माणसं एकेक काढून डब्यात ठेवत होती. क्षिप्रा डबा धरून उभी होती. पाच वर्षं मुलांच्या प्रत्येक प्रश्नाला विजयाने उत्तर दिलं होतं. मासा माणसाला गिळून ठेवतो कसा, इथपासून सगळ्याला. शमुवेलाचं चित्र हातात घेऊन ती थांबली, तेव्हा क्षिप्राने मान वर करून विचारलं,

"आई, म्हणजे आपण देवाचं ऐकलं, की नाही ऐकलं?"