काट्यावरचा कंपायलर

भिवंडीजवळ दापोड्याला माझ्या काळूकाकांचा वजनकाटा आहे. गोडाऊनमध्ये जाणारा प्रत्येक ट्रक आधी त्यावर चढतो. २००४ साली डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो याच काट्याचा: ट्रकचा नंबर आणि वजन टाकलं की पावती छापून देणारा प्रोग्रॅम. कॉम्प्युटर भंगारातून आणलेला, हार्ड डिस्क नाही, दोन फ्लॉप्यांवर चालणारा. काकांना नवा घ्यायचा नव्हता आणि मलाही हाच चालवून दाखवायचा होता.

त्यासाठी मी पास्कल या जुन्या भाषेचा कंपायलर निवडला. अख्खा कंपायलर एका फ्लॉपीत मावायचा, वर माझ्या प्रोग्रॅमला जागा उरायची. मी लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून द्यायला त्याला अर्धं मिनिट पुरायचं. कॉलेजच्या सी कंपायलरला त्याच डबड्यावर पाच फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागायच्या आणि वीस मिनिटं जायची. भिवंडीत सलग वीस मिनिटं लाईट राहील या भरवशावर मी माझा डिप्लोमा सोडणार नव्हते.

प्रोजेक्टचे सर हटून बसले. पास्कलला आता कोणी विचारत नाही, सी नसेल तर नापास करीन, म्हणाले. सीमध्ये लिही, आमच्या लॅबमध्ये कंपाइल कर आणि तयार फ्लॉपी काट्यावर ने, असंही सुचवलं. मला संताप आला.

"आणि निकाल लागल्यावर, सर? काकांना पावतीत काही बदलायचं झालं तर मला लॅब कोण उघडून देणार?"

या कॉम्प्युटरवरही सी चालतं हे पटवायला ते स्वतः काट्यावर आले. माझाच प्रोग्रॅम सीमध्ये उतरवून आणला होता. पावतीवर ड्रायव्हरचं नाव वाढवून दाखवतो, म्हणत माझ्याच खुर्चीत बसले. तिसऱ्या फ्लॉपीला लाईट गेली. आल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, तर चौथीला गेली. बाहेर ट्रकची रांग वाढत होती आणि काकांचा पारा चढत होता.

"मास्तर, उठा आता. गाड्या उभ्या हायेत, पोरीला बसू द्या."

लाईट आल्यावर मी बसले. दोन ओळी वाढवल्या, कंपाइल केलं आणि पहिल्या ट्रकची पावती ड्रायव्हरच्या नावासकट बाहेर आली.

सर वरमले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. प्रोजेक्टचा फॉर्म काढून भाषेच्या रकान्यात त्यांनी 'सी' लिहिलं. बाहेरचे परीक्षक फॉर्मच बघतात, सुटशील, असं हळूच म्हणाले.

मी पेन मागून घेतलं. 'सी'वर काट मारली, 'पास्कल' लिहिलं आणि बाजूला सही केली.

"नापास करायचं तर याला करा, सर."

सरांनी चाळीस मार्क दिले, पास व्हायला लागतात तेवढेच. सीवाल्यांना सत्तरच्या वर पडले. पडू देत. निकालाच्या दिवशी काकांना पावतीवर गाडीमालकाचंही नाव हवं होतं. ते मी काट्यावरच बसून घालून दिलं, लॅबची किल्ली कोणाकडे न मागता.