रोग: नाही

केळीच्या बागांना सल्ला देणं हा माझा धंदा. बुऱ्हाणपूरच्या आसपास साठेक बागा आणि प्रत्येक फेरीची नोंद मोबाइलमध्ये. आधी सगळं टाइप करताना अंगठा दुखायचा. मग मी एक साचाच करून टाकला: पाणी ठीक, खत वेळेवर, रोग नाही. उत्तरं आधीच भरलेली; वेगळं काही दिसलं तरच बदलायचं. फेऱ्या झटपट उरकू लागल्या. स्वतःवर इतका खूश होतो की दोन मित्रांनाही तो साचा पाठवला.

परवा दापोऱ्याच्या एका बागेतून योगेशचा, मालकाच्या मुलाचा, फोन आला. जाऊन पाहिलं, तर बागेत हरण्या घुसलेला. या रोगात पानांवर पिवळे पट्टे पडतात, आणि तसं रोप लगेच उपटून गाडलं नाही तर तो पसरतो. आता दीडशे रोपं काढावी लागणार होती.

योगेश वडिलांवर, सुपडूबाबांवर, घसरला. "रोज बागेत चक्कर मारता, तुमाले दिसलं नाही?"

"तीन रोपं दिसली व्हती. मी सरले सांगतलं व्हतं. ते काई बोलले नाही, म्हणून उपटली नाही."

"सर, बघा बरं तुमच्या नोटमध्ये."

मी नोंद उघडली. तीन आठवड्यांपूर्वीची. त्या दिवशी सुपडूबाबा माझी बाही धरून 'तिकडं चला' म्हणाले होते. मला पुढची फोपनारची बाग गाठायची होती, म्हणून मी नुसती मान हलवून साच्यावर बोट टेकवलं होतं. सगळं लख्ख आठवत होतं. तरी वाचून दाखवलं ते फक्त लिहिलेलं.

"रोग नाही."

"बस हो गया, बाबा. उद्यापासून बागेचं मीच पाहीन. तुम्ही घरी बसा," म्हणत योगेश मजुरांकडे निघून गेला.

"मीच चुकलो असन," सुपडूबाबा पुटपुटले. "सरनं लिहेल हाय."

चाळीस वर्षं केळी लावणारा माणूस माझ्या आयत्या दोन शब्दांपायी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं," मी हळूच म्हणालो. "मीच पाहिलं नाही. माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग हे पोरासमोर काऊन नाही बोलले, सर?"

योगेश चार ओळी पलीकडे होता. मी त्याला हाक मारली. ती फारच हळू निघाली, म्हणून पुन्हा मारली, मजुरांनाही ऐकू जाईल अशी.