डाव्या दाराखालचं वेल्डिंग

आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले म्हणून सगळी गल्ली त्यांना रेडिओकाका म्हणायची. दुकान बंद केल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनी मॉरिस मायनर मोटार उचलली आणि नऊ वर्षं तिच्या मागे हात धुऊन लागले. गाडी उभी राहिली, तेव्हा विमा कंपनीनं अट घातली, आधी मूल्यांकन करून घ्या. त्यासाठी एक बाई आल्या.

बाई मोजकंच बोलणाऱ्या. इंजिनाचा नंबर कागदांशी ताडला, रंगावरून चुंबक फिरवून कुठे पुट्टी भरली आहे का ते पाहिलं, मग चटई अंथरून थेट गाडीखाली शिरल्या. काका परीक्षेला बसलेल्या पोरासारखे भिंतीशी उभे. काकू चहा घेऊन आल्या त्या तिथेच थांबल्या.

"उजव्या दाराखालचा पत्रा कुणी जोडलाय?" खालून आवाज आला.

"मीच."

"ठीक आहे. दोन ठिकाणी जळलाय, पण चालेल."

काकांचा चेहरा पडला.

"आणि डावीकडचा?"

"का? काय झालं?"

बाई बाहेर आल्या, हात पुसले. "काही झालेलं नाही. जोड शोधावा लागतोय, इतकं सफाईचं काम आहे. त्या कारागिराचा पत्ता द्या मला. गिऱ्हाईकं सारखी विचारतात."

काका खो खो हसत सुटले आणि त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकूंनी घाईघाईनं ट्रे खाली ठेवला.

चौथ्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले होते. बशीत कप ठरेना, तिथे वेल्डिंग कुठलं जमायला? त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, "विकून टाकू." काकूंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. रोज दुपारी वेल्डरच्या शेडमध्ये जाऊन त्या तीन महिने वेल्डिंग शिकल्या. मग एका सकाळी स्वतःच ताडपत्री ओढून काढली.

"शिवणच आहे हो," काकू आता बाईंना सांगत होत्या, "फक्त दोरा पेटलेला असतो."

बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. मग त्यांनी फॉर्म काढला. "गाडी पुन्हा उभी कुणी केली, हे लिहायचंय. काकांचं नाव घालू?"

आजवर विचारणाऱ्या प्रत्येकाला काकांनी "मी" असंच सांगितलं होतं, आणि दर वेळी काकू हळूच आत निघून जात. काकांना ते आत्ता आठवलं.

"आधी हिचं लिहा," ते म्हणाले. "माझं खाली."

"काहीतरीच तुमचं!"

"काहीतरीच नाही. तू नसतीस तर ही केव्हाच भंगारात परत गेली असती, आणि तिच्यामागे मीही. हे मी तुला कधीच सांगितलं नाही गं. चुकलं माझं."

काकूंनी पदरानं चष्मा पुसला. बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या.

आठवड्यानं अहवाल आला. किंमत काकांच्या अंदाजापेक्षा बरीच वर होती; ती त्यांनी एकदा वाचली. नावांची ओळ मात्र शेजारच्या शिंप्यालाही मोठ्यानं वाचून दाखवली.

"पुरे आता," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं चुलीपाशी वळून पुन्हा म्हणाल्या, "शाबासकीसाठी नव्हतं केलं. पण बरं वाटलं हो."