संशोधनाने सिद्ध

दोघी जावांनी मिळून तान्ह्या बाळांच्या उशांचा धंदा सुरू केला, तेव्हा घरातले पुरुष गालातल्या गालात हसले होते. वर्षभरात मागची खोली कापसाने भरली आणि फोन दिवसभर वाजू लागला, तसं त्यांचं हसू मावळलं. उशी साधीच होती. मध्ये खळगा, कडेने फुगीर गोट. बाळाचं डोकं खळग्यात बसतं, मागून चपटं होत नाही, अशी तिची ख्याती. शिवणकाम थोरलीचं, फोन आणि हिशेब धाकटीकडे. पाकिटावरचे ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द थोरलीने कुठल्याशा वेबसाइटवरून उचलले होते.

मग एका मोठ्या दुकानाकडून फोन आला. आपल्या सगळ्या शाखांत ही उशी ठेवायची त्यांची तयारी होती. खरेदी अधिकारी भरभरून बोलला आणि जाता जाता म्हणाला, “पाकिटावर संशोधन म्हटलंय ना, त्याची प्रत तेवढी पाठवून द्या. फाइलला लागते.”

“दे पाठवून नेटवरचं काहीतरी,” मशीनवरून मान वर न करता थोरली म्हणाली. “तो काय वाचत बसणार आहे?”

धाकटी शोधायला बसली. एक वेबसाइट दुसरीचा हवाला देत होती, दुसरी तिसरीचा, आणि तिसरी पुन्हा पहिलीचा. सगळीकडे तेच हसरं बाळ, तेच वाक्य. मूळ संशोधन कुठलं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. शेवटी एके दुपारी आपल्या चार महिन्यांच्या लेकाला सासूबाईंच्या हवाली करून तिने शहरातलं मोठं ग्रंथालय गाठलं.

संदर्भ विभागातले ग्रंथपाल निवृत्तीला आलेले होते. तिचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “धंद्यासाठी ना? बसा. धंदेवाले इथे येतात ते बहुधा बुडाल्यावर. तुम्ही जरा लवकर आलात.”

धाकटी हसली. त्यांनी संशोधनपत्रिकांचा साठा उघडून दिला, शब्द बदलून बदलून शोधायला लावलं, आणि अर्ध्या तासात तो लेख पडद्यावर आला. सुरुवातीच्या सारांशातच लिहिलं होतं: उशी वापरलेल्या बाळांची डोकी अधिक गोल झाली.

“मिळालं!” ती जवळजवळ ओरडलीच.

“थांबा हो. सारांश म्हणजे घर विकणाऱ्याने दाखवलेली बाहेरची खोली. आत चला. पैसे कुणी दिले, काम कसं केलं, शेवटी बारीक अक्षरांत काय म्हटलंय, ते बघा.”

पैसे उशा बनवणाऱ्या एका कंपनीने दिले होते. बाळं रुग्णालयात होती, जागी असतानाच उशीवर ठेवलेली, शेजारी नर्स बसलेली. ग्रंथपालांनी पानं पुढे सरकवली. शेवटच्या पानावर तळटीप होती. काही बाळं खाली घसरली, त्यांचं नाक कडेच्या गोटात दाबलं गेलं, म्हणून त्यांना अभ्यासातून वगळलं. झोपेत ही उशी वापरू नये.

धाकटीने ते पुन्हा वाचलं. ग्रंथपालांनी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना उघडून तिच्यासमोर ठेवली. पहिलं वर्षभर बाळाच्या अंथरुणात उशी नको. श्वास कोंडण्याचा धोका.

“बाई, बरं वाटत नाहीये का?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ही लेकाची झोपायची वेळ. आत्ता तो त्याच उशीवर असणार. थोरलीने मापं घ्यायला शिवलेली, निळ्या गोटाची, मऊ, अगदी मऊ.

पिशवी टेबलावरच टाकून ती निघाली. जिन्यातच तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि फोन त्या स्वयंपाकघरात ठेवून विसरतात. पुन्हा लावला. कापूस आणायला बाहेर गेलेल्या थोरलीला लावला, ती दुसऱ्या कुणाशी बोलत होती. समोर आली त्या टॅक्सीत ती बसली. पत्ता सांगताना जीभ अडखळली.

“जरा लवकर चला ना.”

“सिग्नल मोडू का?” ड्रायव्हरने विचारलं, आणि आरशात तिचा चेहरा पाहून गाडी पुढे दामटली.

काल रात्री लेक झोपेत कुशीवर वळला होता. सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं! कुशीवर वळता येतं, पण परत फिरता येत नाही. हे तिला माहीत होतं, रोज डोळ्यांसमोर होतं, तरी आजवर त्याची भीती वाटली नव्हती. फोन अजून वाजतच होता, कुणी उचलत नव्हतं.

दार सासूबाईंनी उघडलं. “अगं, हळू, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

धाकटी त्यांना बाजूला सारून आत धावली. खोलीत पडदे ओढलेले. बाळ कुशीवर होतं, तोंड गोटात रुतलेलं, एक मूठ कानाशी. हालचाल दिसेना. तिने त्याला उचललं. मान लुळी पडली. गाल गरम होता, ओला होता, आणि एक क्षण, तिला कधीच न विसरता येणारा एक क्षण, काहीच झालं नाही.

मग तो टाहो फोडून रडला.

ती खाली बसली. “झोपमोड केलीस ना पोराची!” सासूबाई दारातून म्हणाल्या. मग सुनेचा चेहरा पाहून त्या लगबगीने आत आल्या.

संध्याकाळी थोरली भांडली. “इतकी बाळं झोपतायत आपल्या उशांवर. एकाला तरी काही झालं?”

“ताई, झालं असतं तर आपल्याला कळवलं असतं कुणी?”

थोरलीने हातातली अर्धवट शिवलेली उशी पाहिली, ती कुठे ठेवावी हेच तिला कळेना.

त्या रात्री त्यांनी गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. कुणी चिडलं, कुणी आभार मानले, एकीने तर सरळ शिव्या घातल्या. एका आईने फोन उचलून कुजबुजत विचारलं, “नंतर बोलू का? बाळ झोपलंय.”

“उशीवर?” थोरलीने विचारलं.

“हो, तुमच्याच. का?”

“जा, आधी त्याला उचला,” थोरली ओरडली. “फोन ठेवू नका, फक्त जा!”

पलीकडे पावलं वाजली. नंतर सगळं शांत. दोघी जावा एकमेकींचा हात घट्ट धरून त्या शांततेत बसून राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग दुरून किरकिर ऐकू आली, मोठी झाली, आणि थोरलीने फोन टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने खरेदी अधिकाऱ्याला संशोधनाची प्रत पाठवली, पूर्ण, तळटिपेसकट, आणि वर लिहिलं की हा माल आम्ही बंद केला आहे. तो म्हणाला, दुसरा कुणीतरी आम्हाला देईलच. ते वाक्य तिला दिवसभर छळत राहिलं. उशा त्यांनी स्वतः उसवल्या. पुढे मागच्या खोलीत मोठ्या माणसांच्या गाद्या शिवल्या जाऊ लागल्या. पैसा कमी, पण चाललं.

जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं सापडली. एक कुटुंब नाही सापडलं. त्यांचा नंबर बंद होता, आणि दिलेल्या पत्त्यावर दुसरेच लोक राहत होते. धाकटीने शेवटी नाद सोडला. थोरली मात्र अजूनही अधूनमधून हातातलं काम बाजूला ठेवते, तो नंबर फिरवते, आणि फोन कानाशी धरून, श्वास रोखून उभी राहते.